सायकलची जांभळी साल

मे महिन्यात माझा भाचा पुण्याहून रत्नागिरीला आला तो एक जुनी गियरची सायकल टेम्पोत घालूनच. सेकंडहँड घेतलेली. सांगाडा काळा आणि स्टेम (हँडल धरणारा तुकडा), सीटपोस्ट (सीटखालचा दांडा), ब्रेक लिव्हर, दोन्ही हब (चाकांचे मधले भाग) असं सगळं जांभळं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला माउंटन बाइकवाल्यांना या रंगाचं भारी वेड होतं. पण इतक्या वर्षांच्या उन्हाने स्टेमची वरची बाजू विटून गुलाबी-करडी झाली होती, आणि खालची अजून पिकलेल्या जांभळासारखी.

"मामा, हा रंग घासून काढू या. मला आतला चांदीसारखा धातू हवाय."

तासभर तो ओटीवर बसून घासत होता. 400 नंबरचा पॉलिश पेपर गुळगुळीत झाला आणि स्टेमच्या कडेला नखाएवढी जागा उजळली. लोखंडी गेटावरचा रंग एवढ्या वेळात पाच वेळा निघाला असता. "हा रंग आहे तरी कसला?" असं त्याने वैतागून विचारलं, आणि त्या प्रश्नापायी आमचे पुढचे चार दिवस गेले.

स्टेम अ‍ॅल्युमिनियमचा. अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही असं आपण म्हणतो. खरं तर ते लोखंडापेक्षा कितीतरी लवकर गंजतं. धातू उघडा पडला की हवेतला ऑक्सिजन क्षणात त्याला चिकटतो. फरक पडतो तो गंजाच्या स्वभावात. लोखंडाचा गंज भुसभुशीत, पोपडे होऊन गळणारा, म्हणून खालचं लोखंड पुन्हा उघडं पडतं आणि पुन्हा गंजतं. अ‍ॅल्युमिनियमचा गंज, म्हणजे त्याचं ऑक्साइड, घट्ट, पारदर्शक आणि धातूला बिलगून बसणारा. दोन-चार नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) जाडी झाली की तोच पुढच्या ऑक्सिजनला अडवतो. आजीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या टोपावर ही साल आहे, खिडकीच्या सेक्शनवर आहे, सायकलच्या रिमवरही आहे.

स्टेमवर होतं ते अ‍ॅनोडायझिंग, म्हणजे ही निसर्गदत्त साल मुद्दाम जाड करणं. दहावीच्या पुस्तकात याला धनाग्रीकरण म्हटलंय आणि शब्द नेमका आहे. वस्तू पातळ सल्फ्युरिक अ‍ॅसिडमध्ये बुडवायची, तिला विजेच्या धन टोकाला जोडायचं, बारा ते वीस व्होल्टचा दाब द्यायचा. ऑक्सिजन धातूकडे ओढला जातो आणि साल वाढू लागते. तासाभरात ती दहा-वीस मायक्रॉन होते, म्हणजे आपसूक आलेल्या सालीच्या काही हजार पट. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉन, यावरून अंदाज घ्यावा.

कल्हईशी ताडून पाहिलं की हे चांगलं कळतं. कल्हईवाला पितळेच्या पातेल्याला आतून कथलाचा थर देतो. तो थर बाहेरून आलेला, परक्या धातूचा. अ‍ॅनोडायझिंगमध्ये बाहेरचा धातू कुठलाच येत नाही. वस्तूचा स्वतःचाच पृष्ठभाग खर्ची पडून साल बनते, निम्म्याहून अधिक आत शिरून आणि उरलेली बाहेर फुगून. म्हणून तिचे पोपडे निघत नाहीत. आणि हे ऑक्साइड कमालीचं कठीण असतं. माणिक आणि नीलम ही त्याचीच स्फटिकरूपं, आणि पॉलिश पेपरवरचे दाणेही बऱ्याचदा त्याचेच. भाचा अ‍ॅल्युमिनियमचं ऑक्साइड अ‍ॅल्युमिनियमच्याच ऑक्साइडने घासत होता. तासभरात नखाएवढी जागा उजळली हेच पुष्कळ.

मग रंग कुठे आहे? अ‍ॅसिडमध्ये वाढणारी ही साल सलग नसते. ती मधाच्या पोळ्यासारखी वाढते, षट्कोनी घरं एकमेकांना लागून आणि प्रत्येक घराच्या मधोमध उभं छिद्र. छिद्राचा व्यास दहा-वीस नॅनोमीटर, आणि एका चौरस सेंटिमीटरमध्ये अशी अब्जावधी छिद्रं. वस्तू रंगाच्या कोमट पाण्यात बुडवली की रंगाचे रेणू या छिद्रांत शिरतात. नंतर ती जवळजवळ उकळत्या पाण्यात अर्धा तास ठेवतात. तिथे ऑक्साइड पाणी शोषून फुगतं आणि छिद्रांची तोंडं मिटतात. रंग आत कोंडला जातो. सेंद्रिय रंगांचे रेणू मात्र उन्हातल्या अतिनील किरणांनी तुटतात. स्टेमची वरची बाजू विटली ती त्यामुळेच. आपल्याकडच्या स्लायडिंग खिडक्यांचा काळपट-तपकिरी रंग वर्षानुवर्षं टिकतो, कारण त्यात बहुतेकदा रंगाऐवजी विजेच्या मदतीने छिद्रांच्या तळाशी कथील बसवलेलं असतं. कल्हईचा धातू इथे वेगळ्या वाटेने आला!

उकळत्या पाण्यात छिद्रं मिटवणारा जो पदार्थ तयार होतो त्याचं नाव बोहमाइट. ते एक खनिज आहे, बॉक्साइटमध्ये सापडतं. आणि बॉक्साइट म्हणजे आपल्या जांभ्या दगडाचा सख्खा भाऊ. लाखो वर्षं पावसाने खडकातले विरघळणारे क्षार धुऊन नेले, मागे लोह आणि अ‍ॅल्युमिनियम उरलं. लोह जास्त तिथे लाल जांभा, अ‍ॅल्युमिनियम जास्त तिथे बॉक्साइट. रत्नागिरी जिल्ह्यात असे बॉक्साइटचे साठे आहेत. ज्या जांभ्याच्या चिऱ्यांवर आमची ओटी उभी आहे, त्याच्या भावकीतलं खनिज त्या स्टेमच्या सालीत बसलेलं होतं.

समुद्राचाही संबंध आहे, आणि तो जुना आहे. 1923 साली ब्रिटनमध्ये बेंगो आणि स्टुअर्ट यांनी अ‍ॅनोडायझिंग पहिल्यांदा औद्योगिक पातळीवर आणलं ते पाण्यावर उतरणाऱ्या विमानांसाठी. ड्युरालुमिन या अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे त्यांचे भाग खाऱ्या पाण्याने सडत होते. त्यांनी क्रोमिक अ‍ॅसिड वापरलं, आणि सल्फ्युरिक अ‍ॅसिडची आजची पद्धत 1927 मध्ये आली. म्हणजे शोभेच्या रंगाआधी ही साल खाऱ्या हवेशी लढायला जन्मली. साल काढायला निघालेल्या कोकणातल्या माणसाने हे विसरू नये.

तर ती काढायची कशी? अ‍ॅल्युमिनियमचं ऑक्साइड उभयधर्मी आहे, आम्लातही विरघळतं आणि अल्कलीतही. साधारण पीएच 4 ते 8.5 एवढ्या पट्ट्यातच ते सुखाने टिकतं. म्हणून अ‍ॅल्युमिनियमच्या टोपात आमसुलाचं सार करू नये म्हणतात, आणि राख लावून सोडणाने घासल्यावर तो टोप निस्तेज होतो. राख अल्कलीधर्मी असते. सोलायच्या कामाला यातली कडक अल्कली लागते, कॉस्टिक सोडा. आणि गंमत अशी की बॉक्साइटमधून अ‍ॅल्युमिनियम काढतानाही पहिली पायरी हीच असते. 1888 पासून बेयर पद्धतीत बॉक्साइट गरम कॉस्टिक सोड्यात विरघळवतात. ऑक्साइड द्रावणात उतरतं आणि लोह लाल चिखल होऊन तळाशी बसतं. कारखान्यात जे टाकीत होतं ते आम्ही प्लास्टिकच्या बादलीत करणार होतो.

आधी प्रत्येक भाग सुटा केला. हबना हात लावला नाही. त्यांच्यातल्या बेअरिंगच्या बैठका मायक्रॉनच्या हिशेबात घट्ट असतात, दहा मायक्रॉनची साल गेली की बेअरिंग सैल पडू शकतं. शिवाय आतल्या ग्रीसमध्ये कॉस्टिक शिरायला नको. स्टेम आणि लिव्हर तेवढे घेतले, लिव्हरमधल्या पिना आणि स्प्रिंगा काढून ठेवल्या.

कॉस्टिक सोडा हे घरातलं सर्वांत धोक्याचं रसायन आहे असं मी मानतो. कातडीवर ते सुरुवातीला फक्त बुळबुळीत लागतं, दुखायला वेळ लागतो, आणि तोवर इजा झालेली असते. डोळ्यात एक थेंब गेला तर दृष्टी जाऊ शकते. डोळे बाजूंनीही झाकणारा चष्मा, कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, जवळ वाहता नळ, आणि काम अंगणात. सोडा पाण्यात थोडा थोडा टाकायचा. सोड्यावर पाणी कधीही ओतायचं नाही, ते उकळून उसळतं. अंगावर उडालंच तर भरपूर पाण्याने धुवायचं. डोळ्यात गेलं तर पंधरा मिनिटं तरी सतत पाणी मारून थेट डॉक्टरकडे. आम्ही लिटरला पन्नास ग्रॅम एवढं द्रावण केलं. त्याहून तीव्र करायची गरज नसते.

स्टेम तारेला बांधून बुडवला. पहिली दोन-तीन मिनिटं काहीच नाही. मिटलेल्या तोंडांची साल चिवट असते. मग जांभळा रंग ढगाळ झाला, कडांवरून विटत गेला, आणि जिथे साल संपली तिथून बारीक बुडबुडे सुटले. हे बुडबुडे म्हणजे थांबायची खूण. ऑक्साइड विरघळताना वायू निघत नाही. बुडबुडा आला याचा अर्थ कॉस्टिक आता खुद्द धातू खातंय आणि हायड्रोजन सुटतोय. एक ग्रॅम अ‍ॅल्युमिनियममागे सव्वा लिटरच्या आसपास हायड्रोजन निघतो, म्हणून जवळ विडीकाडीसुद्धा नको. बुडबुड्यांबरोबर कॉस्टिकचे तुषार उडतात, ते घशाला लागतात. शिवाय ही अभिक्रिया उष्णता सोडते, उष्णतेने तिचा वेग वाढतो, आणि दुर्लक्ष केलं तर पाच मिनिटांत गुळगुळीत धातूची खरबरीत चाळण होते.

पहिली लिव्हर आम्ही अशीच जास्त वेळ ठेवली. बाहेर काढली तर काळी कुळकुळीत. भाचा घाबरला. तो काळा थर म्हणजे मिश्रधातूतले इतर सोबती, तांबं, लोह, सिलिकॉन. ते कॉस्टिकमध्ये विरघळत नाहीत, अ‍ॅल्युमिनियम निघून गेलं की काजळीसारखे मागे राहतात. कारखान्यात हा थर नायट्रिक अ‍ॅसिडने काढतात. घरी ते आणू नये. आम्ही ओल्या काथ्याने घासला, निघाला. पण खालचा पृष्ठभाग बारीक खड्ड्यांनी भरला होता. लिव्हर, हँडल, स्टेम, क्रँक हे भार घेणारे भाग. प्रत्येक खड्डा म्हणजे तडा सुरू व्हायची जागा असते. ती लिव्हर मी परत बसवू दिली नाही.

काम झाल्यावर बादलीतलं पाणी माडाच्या आळ्यात ओतायचा मोह होतो. विहीर जवळ असेल तर मुळीच नको. आम्ही त्यात हळूहळू व्हिनेगर घालत गेलो आणि बादलीत पांढरा, जेलीसारखा साका उतरू लागला. हे अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड. पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवतो तेव्हा हाच साका चिखलाचे कण धरून तळाशी जातो. भाच्याला बादलीतली ही गोष्ट सगळ्यात आवडली.

पॉलिशचं काम सरळ आहे, फक्त चिकाटी लागते. 400, मग 600, 1000, 1500, 2000, सगळे वॉटर पेपर, पाण्यात भिजवून. धातूची कोरडी पूड नाकात जायला नको आणि ती पेटूही शकते. प्रत्येक पेपरला घासायची दिशा आधीच्याशी काटकोनात फिरवायची, म्हणजे आधीचे ओरखडे पूर्ण गेले की नाही ते दिसतं. घाई करून एक नंबर गाळला की तो ओरखडा शेवटी आरशात दिसतोच. 2000 च्या पेपरचा दाणा दहा मायक्रॉनचा, दृश्य प्रकाशाची तरंगलांबी अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास. ओरखड्यांची खोली त्याच्याही खूप खाली गेली तरच प्रकाश विखुरण्याऐवजी सरळ परततो. हे शेवटचं काम मेटल पॉलिश आणि सुती कापड करतं. देवाची पितळी भांडी चकाकवायचं पॉलिशही चालतं. अ‍ॅल्युमिनियम दृश्य प्रकाशातला सुमारे नव्वद टक्के भाग परतवतं, मोठ्या दुर्बिणींच्या आरशांना त्याचाच मुलामा देतात. स्टेममध्ये भाच्याचा चेहरा दिसायला दोन संध्याकाळी लागल्या.

आता साल गेली. नवी साल क्षणात आली खरी, पण दोन-चार नॅनोमीटरची. पुण्यात ती पुरते. आमच्याकडे खाऱ्या वाऱ्यातले क्लोराइड आयन तिच्यातल्या कमजोर जागा शोधतात, तिथे टाचणीच्या टोकाएवढा खड्डा पडतो, वर पांढरी पूड येते. स्टेनलेसचा बोल्ट अ‍ॅल्युमिनियमला टेकतो तिथे तर खारं पाणी दोघांची बॅटरीच करतं आणि त्यात झिजतं अ‍ॅल्युमिनियम. मिरकरवाड्याच्या बंदरात बोटींच्या तळाला जस्ताचे तुकडे लावतात ते याच हिशेबाने, जस्त झिजावं आणि बाकीचं वाचावं. सायकलवर तशी सोय नाही. म्हणून समुद्रकाठी उघडं पॉलिश ठेवणाऱ्याने गोड्या पाण्याने वारंवार पुसून महिन्यातून एकदा तरी मेणाचा हात द्यावा. पावसात तर दर आठवड्याला. ज्याला हे जमणार नाही त्याने सोललेले भाग पॉलिश करून मुंबई-पुण्याकडे अ‍ॅनोडायझिंगच्या जॉबवर्कला द्यावेत. हवा तो रंग मिळतो आणि साल परत येते. माझा कौल त्यालाच आहे. अ‍ॅसिड आणि बॅटरी जमवून घरी करणारे लोक असतात, पण कॉस्टिकच्या एका बादलीनंतर अ‍ॅसिडची दुसरी बादली अंगणात आणायची माझी तयारी नाही.

भाच्याने सीटपोस्टही सोलायचा हट्ट धरला होता. तो मी मानला नाही. सांगाडा लोखंडी, सीटपोस्ट अ‍ॅल्युमिनियमचा, आणि मधल्या फटीत पावसाचं पाणी उतरणार. साल नसली की तिथे ऑक्साइड धरतं, ते मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापतं आणि सीटपोस्ट सांगाड्यात असा रुतून बसतो की करवतीने कापून काढावा लागतो. त्यामुळे सीटपोस्ट जांभळाच राहिला, भरपूर ग्रीस लावून बसवला. स्टेम चांदीसारखा, हब जांभळे, एक लिव्हर नवी. जूनच्या पहिल्या सरीआधी सायकल पुण्याला रवाना झाली, हँडलला मेणाची डबी बांधून.