इंग्लंडमधल्या एफई कॉलेजातल्या उच्च शिक्षणाला अनुदान: नोंदणी, गणती आणि पैसे कुठे कापले जातात

फर्दर एज्युकेशन कॉलेज, म्हणजे एफई कॉलेज, हे साधारण आपल्याकडचं ज्युनिअर कॉलेज, आयटीआय आणि पॉलिटेक्निक एकाच छताखाली आल्यासारखं. एचएनसी (हायर नॅशनल सर्टिफिकेट), एचएनडी (हायर नॅशनल डिप्लोमा), फाउंडेशन डिग्री असे, पूर्ण पदवीच्या खालचे, उच्च शिक्षणाचे वर्गही तिथेच भरतात. या वर्गांच्या अध्यापनाला ऑफिस फॉर स्टुडंट्स (ओएफएस) अनुदान देतं. एप्रिल 2018 पूर्वी हे काम हेफ्की (एचईएफसीई) या जुन्या अनुदान संस्थेकडे होतं. स्कॉटलंड आणि वेल्सची व्यवस्था वेगळी आहे.

यासाठी दरवर्षी प्रस्ताव लिहावा लागत नाही. नोंदणी एकदाच, आणि मग दर वर्षी विद्यार्थ्यांची गणती. खरा अर्ज म्हणजे ही गणतीच, आणि नुकसानही बहुतेक तिथेच होतं.

नोंदणी. ओएफएसच्या रजिस्टरमध्ये दोन वर्ग आहेत: 'अप्रूव्हड' आणि 'अप्रूव्हड (फी कॅप)'. नियमित अनुदान फक्त दुसऱ्या वर्गाला मिळतं, म्हणून पहिला निवडला तर पुढचं काहीच लागू होत नाही. अर्जाआधी यूकेपीआरएन हा संस्थेच्या ओळखीचा आठ अंकी क्रमांक हवा. सोबत लेखापरीक्षित हिशेब, पुढच्या वर्षांचे आर्थिक अंदाज आणि गुणवत्तेचा आराखडा लागतो. ऑगस्ट 2025 मध्ये नोंदणी पुन्हा सुरू झाली तेव्हापासून विद्यार्थ्यांना न्याय्य वागणूक (अट सी5) आणि कारभार (अट ई7) यांचीही तपासणी होते. मूळ मर्यादेपेक्षा जास्त फी घ्यायची असेल तर 'अ‍ॅक्सेस अँड पार्टिसिपेशन प्लॅन', म्हणजे वंचित गटांतल्या विद्यार्थ्यांना संधी देण्याचा आराखडा, मंजूर करून घ्यावा लागतो. 2025-26 साठी, टीईएफ मानांकन (अध्यापनाच्या दर्जाचं मानांकन) असलेल्या कॉलेजात पूर्णवेळ पदवीची कमाल फी प्लॅन असेल तर 9,535 पौंड, नसेल तर 6,355 पौंड. छोटी कॉलेजं प्लॅनचा व्याप टाळतात आणि कमी फीवर भागवतात. वर्गात तीस-चाळीसच विद्यार्थी असतील तर तो निर्णय चुकीचा नाही.

कोण मोजला जातो. गणतीच्या विवरणाचं नाव एचईआयएफईएस, आणि गणनेचा दिवस 1 नोव्हेंबर. (विद्यापीठांचं एचईएसईएस वेगळं, त्यांचा दिवस 1 डिसेंबर. जुन्या नोंदींत या दोहोंची सरमिसळ झालेली दिसते.) नावनोंदणी विद्यापीठाकडे आणि शिकवणं कॉलेजात, अशा फ्रँचाइझ अभ्यासक्रमाचे विद्यार्थी विद्यापीठच दाखवतं, कॉलेजने ते पुन्हा दाखवले तर एकच डोकं दोनदा मोजलं जातं. चौथ्या स्तराचे (पदवीच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचे) अनेक व्यावसायिक दाखलेही 'नॉन-प्रिस्क्राइब्ड', म्हणजे या अनुदानाच्या कक्षेबाहेरचे, असल्याने बाद होतात. ज्याच्याकडे आधीच तेवढीच किंवा वरची पदवी आहे तो सहसा अनुदानपात्र नसतो. फाउंडेशन डिग्रीसारखे काही अपवाद आहेत. नाशिकहून स्टुडंट व्हिसावर आलेली, परदेशी फी भरणारी विद्यार्थिनीही अनुदानात धरली जात नाही. म्हणून प्रवेश अर्जावर फीचा दर्जा आणि आधीची पात्रता या दोन्ही रकान्यांत पुरावा जोडलेला हवा, नुसती खूण पुरत नाही.

चार रकाने. पहिल्यात 1 नोव्हेंबरपर्यंत वर्ष सुरू केलेले, दुसऱ्यात त्यानंतर सुरू करतील असे, तिसऱ्यात वर्ष पूर्ण न करणाऱ्यांचा अंदाज. पहिल्या दोहोंच्या बेरजेतून तिसरा वजा केला की चौथा.

कसोटी लागते ती तिसऱ्या रकान्यात. विद्यार्थ्याने त्या वर्षाला घेतलेल्या प्रत्येक मॉड्यूलचं शेवटचं मूल्यमापन वर्ष सुरू झाल्यापासून 13 महिन्यांच्या आत दिलेलं असावं लागतं. नापास झाला तरी चालतं; मूल्यमापनच दिलं नाही तर तो वर्ष पूर्ण न केलेला धरला जातो. समजा, अभियांत्रिकीच्या अर्धवेळ एचएनसीला 20 जण आहेत आणि 120 क्रेडिट दोन वर्षांत विभागले आहेत. 120 क्रेडिट म्हणजे एक पूर्णवेळ वर्ष, म्हणून दर वर्षी प्रत्येकी 0.5, एकूण 10 पूर्णवेळ समतुल्य. तिघांनी शेवटचा प्रकल्प दिला नाही, तर उरतात 8.5. तिसऱ्या रकान्यात उत्साहाने शून्य लिहिणाऱ्या कॉलेजला हाच फरक नंतर परत करावा लागतो. मागच्या वर्षीची खरी गळती काढून तोच आकडा लिहावा.

दर. अनुदानासाठी विषय खर्चानुसार गटांत विभागलेले असतात: अभियांत्रिकी आणि प्रयोगशाळेचे विषय 'बी' गटात, संगणकशास्त्र सी1.1 मध्ये, सादरीकरण व दृश्यकला सी1.2 मध्ये. सी2 आणि डी गटांतल्या पदवीपूर्व अभ्यासक्रमांना महागड्या विषयांचं अनुदान मिळत नाही. व्यवसाय व्यवस्थापन डी गटात येतं. अभ्यासक्रमाचा विषय-कोड चुकीचा टाकला की गट बदलतो, आणि तो कोड बहुधा वर्षानुवर्षे कुणी उघडून पाहत नाही.

पडताळणी. कॉलेज एरवीही आयएलआर ही वैयक्तिक विद्यार्थी-नोंद पाठवतं. वर्षाची शेवटची फेरी, आर14, ऑक्टोबरमध्ये असते. ओएफएस त्या नोंदीवरून एचईआयएफईएसचे आकडे पुन्हा उभे करतं आणि तुमच्या आकड्यांशी ताडून पाहतं. नोव्हेंबरचं विवरण एका कारकुनाने आणि आयएलआर दुसऱ्याने भरलं तर विसंगती ठरलेली. दोघांनी एकाच यादीवरून काम करावं, आणि अकाउंटेबल ऑफिसर, म्हणजे प्राचार्य, सही करण्याआधी त्या यादीतले निदान दहा विद्यार्थी हजेरीपटाशी मिळवून बघावेत.