गर्भात झालेली इजा की प्रसूतीतली?

बाळ जन्मल्यावर रडलं नाही, अंग लुळं पडलं, पहिल्याच दिवशी झटके आले, की सगळे म्हणतात, "बाळंतपणात गुदमरलं." पण ऑक्सिजन कमी पडून मेंदूला झालेली इजा कित्येक दिवस आधी, गर्भातच होऊन गेलेली असू शकते. असं बाळ कळांचा ताण झेपत नसल्यामुळे जन्मतः तसंच दिसतं. अवघड प्रसूती कधी कधी मूळ बिघाडाचं कारण नसून परिणाम असते, असं मेंदूविकारतज्ज्ञ सिग्मंड फ्रॉइडने 1897 मध्येच मांडलं होतं. म्हणून कमी अपगार स्कोअरवरून (जन्मल्याबरोबर बाळाचा श्वास, ठोके, रंग, हालचाल पाहून दिलेल्या गुणांवरून) निकाल देणं मला अन्यायाचं वाटतं, आईवर आणि डॉक्टरांवरही.

नाळेच्या धमनीतल्या रक्ताचा पीएच (हा आकडा जितका कमी, तितकं रक्त आम्लधर्मी) 7.0 च्या खाली असेल, तर ऑक्सिजनची टंचाई जन्माच्या आसपासची आहे. आठवड्यांपूर्वी इजा होऊन रक्ताभिसरण सावरलं असेल, तर हा आकडा चांगला येऊ शकतो. प्रसूतीदरम्यान काढलेला बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांचा आलेखही बोलका असतो: दाखल होताना उत्तम आणि पुढे ढासळला तर संशय प्रसूतीकडे, पहिल्यापासूनच सपाट, म्हणजे चढउतार नसलेला, असेल तर त्याआधीच्या काळाकडे.

सर्वांत जास्त सांगतो तो एमआरआय, पण तो वेळेवर व्हायला हवा. ताजी इजा डिफ्युजन चित्रांत (ऊतींमधल्या पाण्याची हालचाल टिपणाऱ्या एमआरआय चित्रांत) साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी ठळक दिसते आणि आठवडाभरात पुसट होऊ लागते. उलट, पहिल्या काही दिवसांतच मेंदूत पोकळ्या दिसल्या, तर इजा जुनी. ऊती विरघळून पोकळी व्हायला आठवडे लागतात. जागाही महत्त्वाची. पूर्ण दिवसांच्या बाळात नाळ आधी बाहेर येणं, गर्भाशय फाटणं अशा अचानक आघाताने थॅलॅमस आणि बेसल गँग्लिया हे मेंदूच्या खोल गाभ्यातले भाग होरपळतात. साधारण 34 आठवड्यांच्या आतल्या इजेत मेंदूतल्या द्रवाने भरलेल्या नैसर्गिक पोकळ्यांलगतचा पांढरा भाग जास्त बिघडतो. गर्भातली आणि प्रसूतीतली अशा दोन्ही इजा एकाच बाळात असू शकतात, हेही विसरू नये.

उपचार मात्र या उत्तरासाठी थांबत नाही. निकषांत बसणाऱ्या, दिवस भरत आलेल्या बाळाचं कूलिंग (शरीर थंड ठेवण्याचा उपचार) जन्मापासून 6 तासांच्या आत सुरू करतात आणि शरीर 72 तास सुमारे 33.5 अंश सेल्सिअसवर ठेवतात. कारण शोधायचं तर नाळेचं रक्त मात्र जन्माच्या वेळीच घ्यावं लागतं, आणि वार फेकून न देता तपासणीला पाठवावी लागते. जुना जंतुसंसर्ग किंवा रक्ताच्या गुठळ्या तिच्यातच सापडतात.