लोकशाही की गणराज्य? भारताच्या घटनाकारांना नेमकं काय हवं होतं

लोकशाही आणि गणराज्य हे शब्द आपण बोलताना एकाच अर्थाने वापरतो, पण ती दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. देशाच्या सर्वात वरच्या खुर्चीत बसणारा माणूस बापाच्या जागी मुलगा म्हणून आलाय की निवडून आलाय, हा गणराज्याचा प्रश्न. कारभार कोणाच्या मताने चालतो आणि ते मत कोणाकोणाला आहे, हा लोकशाहीचा. ब्रिटनमध्ये राजा आहे, तरी तिथे लोकशाही आहे. चीनच्या नावातच गणराज्य आहे, पण सत्ता एकाच पक्षाच्या हातात आहे. म्हणजे एक असलं की दुसरं आपोआप येतंच असं नाही, आणि भारताच्या घटनाकारांना हे पक्कं माहीत होतं, म्हणून तर आपल्या घटनेच्या सुरुवातीला असलेल्या उद्देशिकेत दोन्ही शब्द शेजारी शेजारी आहेत, "लोकशाही गणराज्य".

मराठीत यात अजून एक गुंता आहे. २६ जानेवारीला आपण प्रजासत्ताक दिन म्हणतो, पण उद्देशिकेच्या मराठी भाषांतरात शब्द आहे गणराज्य. हिंदीवाले गणतंत्र दिवस म्हणतात आणि त्यांच्या उद्देशिकेत लोकतंत्रात्मक गणराज्य आहे. प्रजासत्ताक हा शब्द कानाला छान वाटतो, पण प्रजा असते राजाची, राजाच नसेल तर प्रजा कुठली, तिथे नागरिक असतात. शिवाय "प्रजेची सत्ता" म्हटलं की अर्थ लोकशाहीकडेच झुकतो आणि "राजा नाही" हा रिपब्लिकचा, म्हणजे गणराज्याचा, मूळ मुद्दा मागे पडतो. मला विचाराल तर आपल्याकडे या दोन कल्पनांची जी सरमिसळ होते तिचं अर्धं कारण हा शब्दच आहे. महाराष्ट्रात रिपब्लिकन हा इंग्रजी शब्द मात्र गावोगावी पोचला तो १९५७ साली नागपुरात स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षामुळे, ज्याची कल्पना बाबासाहेबांची होती.

हे दोन शब्द एकमेकांच्या विरोधात उभे करायची पद्धत अमेरिकेतून आली. तिथे १७८७ साली फिलाडेल्फियात घटना लिहिली गेली, तेव्हा ती लिहिणाऱ्यांपैकी एक असलेल्या जेम्स मॅडिसनने न्यूयॉर्कच्या पेपरात टोपणनावाने लेख लिहून फरक मांडला की लोक स्वतः जमून कारभार करतात ती डेमोक्रसी, आणि निवडलेल्या प्रतिनिधींमार्फत करतात ते रिपब्लिक. त्याला बहुमताच्या झुंडशाहीची भीती होती. त्या घटनेत डेमोक्रसी हा शब्द कुठेच नाही, आणि "आपलं रिपब्लिक आहे, डेमोक्रसी नाही" असं म्हणणारे लोक तिथे आजही आहेत. पण मॅडिसनची ही व्याख्या जशीच्या तशी उचलून भारताला लावली की घोळ होतो, कारण आपल्या घटनासमितीत रिपब्लिकचा अर्थ त्याने घेतला तसा घेतलेला नव्हता.

घटनासमितीत हा विषय अगदी पहिल्याच आठवड्यात आला. १३ डिसेंबर १९४६ ला नेहरूंनी उद्दिष्टांचा ठराव मांडला त्यात भारत "स्वतंत्र सार्वभौम रिपब्लिक" होईल असं म्हटलं होतं, आणि डेमोक्रॅटिक हा शब्द त्यात चक्क नव्हता! सदस्यांच्या लक्षात ते आलंच. नेहरूंनी भाषणात त्याचं उत्तर दिलं, की काही मित्र विचारतायत हा शब्द का नाही घातला, तर एखादं रिपब्लिक लोकशाही नसू शकतं हे मान्य, पण आपला सगळा इतिहास साक्षीला आहे की आपण लोकशाही संस्थांच्या बाजूचे आहोत, आणि लोकशाहीचा आशय ठरावात दिलेलाच आहे, आर्थिक लोकशाहीचासुद्धा. रिपब्लिक का, याचं त्यांचं कारण एकदम सरळ होतं. भारत सार्वभौम होणार म्हणजे बाहेरचा राजा नको, आणि आता देशातल्या देशात राजा शोधत बसायचं तर शक्यच नाही, मग उरतं ते रिपब्लिकच. इथे मॅडिसनचं प्रतिनिधी विरुद्ध थेट कारभार वगैरे काही नाही, मुद्दा फक्त राजाचा आहे.

गंमतीचा भाग म्हणजे त्याच भाषणात नेहरूंनी असंही सांगितलं की एखाद्या संस्थानातल्या लोकांनाच राजा ठेवायचा असेल तर त्यांनी ठेवावा. म्हणजे त्या घडीला लोकांच्या इच्छेचा मान राजा नसण्यापेक्षा वरचा धरला होता. समितीचे एक सदस्य मुकुंदराव जयकर यांनी १६ डिसेंबरला दुरुस्ती आणली की मुस्लिम लीग आणि संस्थानांचे प्रतिनिधी येईपर्यंत ठराव थांबवा. दुसऱ्या दिवशी आंबेडकरांना अचानक बोलायला बोलावलं गेलं, त्यांनी ठरावावर नाराजी सांगितली की हक्क लिहिलेत पण ते मिळवायचे उपाय कुठे आहेत, जमीन आणि उद्योगांच्या राष्ट्रीयीकरणाबद्दल काहीच का नाही. शेवटी २२ जानेवारी १९४७ ला ठराव पास झाला.

डेमोक्रॅटिक शब्द आत आला तो मसुदा समितीत. फेब्रुवारी १९४८ मध्ये आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली जो मसुदा सादर झाला त्यात "सार्वभौम स्वतंत्र" ऐवजी "सार्वभौम लोकशाही गणराज्य" झालं. समितीने तळटीपेत कारण दिलं की सार्वभौम म्हटल्यावर स्वतंत्र हे त्यात आलंच, वेगळं लिहून काही मिळत नाही. एक शब्द काढला आणि त्याच्या जागी दुसरा बसवला, एवढीच ती दुरुस्ती, पण माझ्या मते या सगळ्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथेच आहे, कारण नेहरूंनी जे गृहीत धरलं होतं ते मसुदा समितीने कागदावर आणलं. पुढे १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्यात सरन्यायाधीश सिक्री यांनी घटनेच्या मूळ चौकटीत, म्हणजे संसदेलाही बदलता न येणाऱ्या भागात, काय काय येतं ते मोजलं तेव्हा गणराज्य आणि लोकशाही ही जोडी त्यांनी एकत्रच घेतली.

बाहेरचा राजा जाणं इतकं सोपं नव्हतं, आणि हे आपल्याला शाळेत कोणी नीट सांगत नाही. १५ ऑगस्ट १९४७ ते २५ जानेवारी १९५० भारत स्वतंत्र होता पण गणराज्य नव्हता, डोमिनियन होता. सहावा जॉर्ज कायद्याने आपला राजा होता आणि त्याच्या नावाने आधी माउंटबॅटन आणि मग राजाजी गव्हर्नर जनरल होते. कॉमनवेल्थमध्ये, म्हणजे ब्रिटन आणि त्याच्या जुन्या वसाहतींच्या संघटनेत, राहायचं तर राजा मानावा लागेल का यावर एप्रिल १९४९ मध्ये लंडनला तोडगा निघाला, भारत रिपब्लिक होईल आणि राजा हा फक्त त्या संघटनेच्या एकत्र असण्याचं प्रतीक म्हणून मानला जाईल. मग २६ जानेवारी १९५० ला राजेंद्र प्रसाद राष्ट्रपती झाले, वंशाने नाही तर निवडून आलेले. म्हणजे गणराज्य त्या दिवशी आलं. सगळ्या प्रौढांचं मत मात्र त्यानंतर जवळपास दोन वर्षांनी पडलं, आणि ज्या घटनासमितीने ते दिलं तिचे बहुतेक सदस्य स्वतः मर्यादित मताधिकारावर निवडलेल्या प्रांतिक विधिमंडळांनी पाठवलेले होते.

याच्या उलटं उदाहरण आपल्या साताऱ्याकडे सापडतं. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी गांधीजींच्या सल्ल्याने १९३९ साली आपल्या हातातली सत्ता लोकांना देणारं स्वराज्य संविधान लागू केलं, गावपंचायतींपासून वर चढत जाणारा कारभार. राजा गादीवर होता, पण सत्ता त्याने सोडलेली. म्हणजे गणराज्य नसताना लोकशाहीकडे जायचा प्रयोग, तोही इंग्रजांच्या काळात, छोट्याशा संस्थानात. याची आठवण महाराष्ट्रात जेवढी हवी तेवढी राहिलेली नाही याचं वाईट वाटतं. नंतर १९४८ साली औंध मुंबई प्रांतात विलीन झालं.

गाव हा घटक धरायचा की माणूस, यावरही घटनासमितीत जोराचा वाद झाला आणि तिथे पुन्हा रिपब्लिक हा शब्द आला, वेगळ्याच अर्थाने. इंग्रज अधिकाऱ्यांनी हिंदुस्थानातल्या गावांना "छोटी रिपब्लिक्स" म्हटलं होतं, गांधीवादी सदस्यांना घटना त्या पायावर उभी करावीशी वाटत होती. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात हे साफ उडवून लावलं. याच ग्रामरिपब्लिकांनी देशाचं वाटोळं केलं असं त्यांचं म्हणणं होतं, गाव म्हणजे अज्ञान आणि जातीयता, म्हणून घटनेने घटक धरलाय तो व्यक्ती, याचा त्यांना आनंद होता. गावकुसाबाहेर राहिलेल्या समाजातून आलेला माणूस हे बोलत होता. पंचायतींना मग मार्गदर्शक तत्त्वांत, कलम ४० मध्ये जागा मिळाली.

२५ नोव्हेंबर १९४९ चं आंबेडकरांचं घटनासमितीतलं शेवटचं मोठं भाषण या विषयावर सगळ्यात खोल जातं. एके काळी भारतात ठिकठिकाणी गणराज्यं होती, बौद्ध भिक्खूसंघात बसायचे नियम, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी सगळं होतं, हे त्यांनी अभिमानाने सांगितलं (संघात मत द्यायला शलाका म्हणजे लाकडी काड्या वापरत). पण लगेच विचारलं की ती व्यवस्था भारताने एकदा गमावली, पुन्हा गमावेल का? आणि या जुन्या गणराज्यांबद्दल एक गोष्ट आपणच जोडून घ्यायला हवी, बौद्ध जातककथेत वैशाली या जुन्या गणराज्याच्या ७,७०७ राजांचा उल्लेख येतो, म्हणजे सभेत बसणारे खूप होते पण ते कुळांचे प्रमुख होते, दास, स्त्रिया, बाकीचे लोक त्यात नव्हते. गण होता, लोक नव्हते. बाबासाहेबांचा इशारा हाच होता की २६ जानेवारीला आपण विसंगतीच्या आयुष्यात पाऊल टाकतोय, राजकारणात एक माणूस एक मत एक मूल्य आणि समाजात मात्र ते मूल्य नाकारलेलं, आणि सामाजिक लोकशाहीचा पाया नसेल तर वरची राजकीय लोकशाही टिकणार नाही.

हेतू कागदावरून खाली कसा उतरला ते पहिल्या निवडणुकीत दिसतं. ऑक्टोबर १९५१ ते फेब्रुवारी १९५२, सुमारे १७ कोटी मतदार, बहुतेकांना लिहिता वाचता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी आणि पेटीवर चिन्ह, आपल्या माणसाच्या पेटीत कागद टाकायचा. त्यातल्या बऱ्याच पेट्या विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात बनल्या. मतदार यादी करताना मात्र एक अडचण आली जी कोणाच्या मसुद्यात नव्हती. उत्तरेत घरोघरी जाणाऱ्या कर्मचाऱ्यांना असंख्य बायका स्वतःचं नाव सांगेनात, "अमक्याची बायको", "तमक्याची आई" एवढंच सांगायच्या. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवलं की मत व्यक्तीचं आहे, नवऱ्याच्या नावावर ते देता येणार नाही, आणि अशा सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गाळली गेली.