वॉरफरिन क्लिनिकमधलं कॉम्प्युटर डोसिंग

रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनसारख्या गोळ्यांचा पुढचा डोस आणि पुढच्या तपासणीची तारीख प्रोग्रॅमने सुचवायची, आणि नर्सने किंवा डॉक्टरने ती बघून मान्य करायची नाहीतर बदलायची, अशी ही पद्धत. ब्रिटनच्या हॉस्पिटलांमधल्या अँटिकोॲग्युलंट (म्हणजे रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांच्या) क्लिनिकमध्ये ती चांगली रुजली.

सुरुवात नेमकी कुठून धरायची यावर एकमत नाही. लुईस शाइनर यांचा कॉम्प्युटरच्या मदतीने डोस ठरवण्याचा लेख 1969 चा, त्यामुळे बरेच जण तिथूनच मोजतात. पण शरीरात औषध कसं वागतं याचं गणिती मॉडेल आणि रोजची क्लिनिक चालवणारी सिस्टीम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून विल्सन आणि जेम्स यांचा 1984 चा ब्रिटिश मेडिकल जर्नलमधला लेख हीच खरी सुरुवात मानणं जास्त पटतं. त्याच्या एकच वर्ष आधी, 1983 मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याचं सगळ्या लॅबमध्ये जुळणारं माप, स्वीकारला होता. त्याआधी प्रत्येक लॅबचं रीएजंट (तपासणीचं रसायन) वेगळं, आकडे एकमेकांशी जुळायचे नाहीत, मग एका हॉस्पिटलचा प्रोग्रॅम दुसरीकडे चालणार कसा? हा मुद्दा बऱ्याचदा सुटतो, पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा तोच.

समजा आयएनआरचं टार्गेट 2 ते 3 आहे, पेशंट रोज 5 मिग्रॅ घेतोय आणि आयएनआर 3.8 आला. प्रोग्रॅम आठवड्याचे 35 मिग्रॅ थोडे कमी करून, समजा, रोज साडेचार सुचवेल आणि तारीख जवळची देईल. ब्रिटनमध्ये 3 ची गोळी निळी, 1 ची तपकिरी, अर्ध्या मिग्रॅची पांढरी, म्हणजे साडेचारला तीन रंगांच्या तीन गोळ्या, आणि हे आजीआजोबांना नीट समजलं का हे विचारायला समोर माणूसच लागतो. जुन्या कार्डांवरचे डोस, टार्गेट, औषध कशासाठी चालू आहे, हे सगळं आधी बिनचूक भरलेलं नसेल तर सल्लाही चुकतो.

पुरावा चांगला आहे. मँचेस्टरच्या लिऑन पोलर यांच्या 1998 च्या अभ्यासात 5 केंद्रांतले 285 पेशंट होते. आयएनआर टार्गेटमध्ये राहिल्याचा वेळ कॉम्प्युटर गटात 63.3 टक्के, डॉक्टरांच्या गटात 53.2 टक्के. 2008 च्या 32 केंद्रांच्या, 13 हजारांवर पेशंटच्या अभ्यासात रक्तस्राव आणि गुठळ्यांसारख्या घटनांमधला फरक एकूणात ठोस ठरला नाही, मात्र पायातल्या शिरेत किंवा फुप्फुसात गुठळी झालेल्यांमध्ये ठरला.

रक्त पातळ ठेवणाऱ्या नव्या गोळ्यांना आयएनआर तपासत राहावा लागत नाही, तरी हृदयात यांत्रिक झडप असलेल्यांना वॉरफरिनच्या जातीचंच औषध घ्यावं लागतं. आपल्याकडे त्याच जातीचं एसिनोकुमरॉलही खूप वापरतात, त्याचा असर वॉरफरिनपेक्षा बराच लवकर उतरतो, त्यामुळे वॉरफरिनची सेटिंग त्याला तशीच लावता येत नाही.