नको म्हटलेली नोकरी : डॉन स्टेली यांच्या कोचिंगची पार्श्वभूमी

अमेरिकेत कॉलेजच्या बास्केटबॉल संघाचा कोच म्हणजे आपल्याकडचे पी.टी.चे सर नव्हेत. साउथ कॅरोलायना विद्यापीठाने जानेवारी २०२५ मध्ये डॉन स्टेली यांचा करार वाढवला, तो वर्षाला सुमारे ४० लाख डॉलरचा. महिला कॉलेज बास्केटबॉलमध्ये तोवर एवढा पगार कोणत्याच कोचला नव्हता. गंमत म्हणजे या बाईंना कोच व्हायचंच नव्हतं.

स्टेली यांचा जन्म १९७० चा. उत्तर फिलाडेल्फियातल्या रेमंड रोझेन या सरकारी वसाहतीत, मुलांच्या घोळक्यात घुसून त्या खेळायला शिकल्या. उंची जेमतेम साडेपाच फूट. बास्केटबॉलमध्ये एवढ्या उंचीच्या खेळाडूला एकच जागा मिळते, पॉइंट गार्डची. चेंडू आणायचा, कोण मोकळं आहे ते हेरायचं आणि बास्केट दुसरीला करू द्यायची. माझ्या मते त्यांच्या कोचिंगचं मूळ इथेच आहे.

व्हर्जिनिया विद्यापीठाकडून खेळताना १९९० ते १९९२ अशी सलग तीन वर्षं त्या संघाला ‘फायनल फोर’पर्यंत, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत, घेऊन गेल्या. १९९१ चा अंतिम सामना टेनेसीविरुद्ध जादा वेळेत गेला आणि ७०-६७ असा हातचा गेला. स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवड झाली ती हरलेल्या संघातल्या स्टेलींची! पुढे १९९६, २००० आणि २००४ अशी तीन ऑलिम्पिक सुवर्णपदकं आली. अथेन्सच्या उद्घाटन सोहळ्यात अमेरिकेचा ध्वज त्यांच्या हातात होता. कॉलेजचं विजेतेपद तेवढं राहून गेलं.

२००० मध्ये फिलाडेल्फियाच्याच टेंपल विद्यापीठाने कोचपदासाठी विचारलं. त्या ऐन भरात खेळत होत्या, त्यामुळे आधी नकारच होता. शेवटी हो म्हणाल्या, पण खेळणं सोडलं नाही. डब्ल्यूएनबीए या महिलांच्या व्यावसायिक लीगचा हंगाम उन्हाळ्यात असतो आणि कॉलेजचा हिवाळ्यात, म्हणून हे जमलं. सहा वर्षं त्यांनी दोन्ही डगरींवर पाय ठेवला. खेळाडू म्हणून निवृत्ती घेतली ती २००६ मध्ये. टेंपलच्या आठ हंगामांत १७२ विजय आणि ८० पराभव, शिवाय सहा वेळा राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेश.

२००८ मध्ये घरचं शहर सोडून त्या साउथ कॅरोलायनात गेल्या. हे त्यांच्या आईचं माहेर. दक्षिणेतून उत्तरेकडे निघालेल्या लाखो कृष्णवर्णीयांप्रमाणे आईही लहानपणी इथून फिलाडेल्फियाला गेली होती. लेकीचा पहिला हंगाम मात्र वाईट गेला : १० विजय, १८ पराभव.

कॉलेजच्या खेळात विकत घेऊन संघ उभारता येत नसे. शाळेतल्या मुली हेरायच्या, त्यांच्या घरी जाऊन बसायचं, आईवडिलांची खात्री पटवायची, आणि चार वर्षांत ती मुलगी पदवी घेऊन निघाली की पुन्हा पहिल्यापासून. स्टेलींनी हे काम घराजवळून सुरू केलं. विद्यापीठापासून थोड्याच अंतरावर हॉपकिन्स नावाचं गाव आहे. तिथल्या एजा विल्सनवर देशभरच्या मोठमोठ्या विद्यापीठांचा डोळा होता. तिने साउथ कॅरोलायनाच निवडलं. तिच्या पहिल्याच हंगामात, २०१५ मध्ये, संघ पहिल्यांदा फायनल फोरमध्ये पोचला. २०१७ मध्ये मिसिसिपी स्टेटला ६७-५५ असं हरवून विजेता ठरला. सव्वीस वर्षांपूर्वी निसटलेला चषक असा हाती आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आई गेली.

विल्सनचा पुतळा २०२१ पासून विद्यापीठाच्या मैदानाबाहेर उभा आहे. तिची आजी लहान असताना कृष्णवर्णीयांना या आवारातून चालायलाही मज्जाव होता, वळसा घालून जावं लागे. विद्यापीठाचे दरवाजे त्यांना उघडले ते १९६३ मध्ये. स्टेलींच्या संघाने काय बदललं, हे आकड्यांपेक्षा या पुतळ्यापाशी जास्त कळतं.

आकडेही कमी नाहीत म्हणा. २०२० मध्ये ३२ विजय आणि एकच पराभव अशी घोडदौड चालू असताना कोविडमुळे स्पर्धाच रद्द झाली. टोकियो ऑलिम्पिकचं सुवर्ण अमेरिकेने त्यांच्याच प्रशिक्षणाखाली जिंकलं. २०२२ मध्ये दुसरं विजेतेपद, २०२४ मध्ये ३८ पैकी ३८ सामने जिंकून तिसरं. त्याआधीच्या वर्षी ३६ सामने सलग जिंकून आयोवाकडून उपांत्य फेरीत हरले होते. २०२४ च्या अंतिम फेरीत समोर पुन्हा आयोवाच होतं. २०२५ ची अंतिम लढत मात्र कनेटिकटने ८२-५९ अशी एकतर्फी केली.

एक गोष्ट राहिली. विजेत्या संघाने बास्केटची जाळी कात्रीने कापून घ्यायची, असा तिथला रिवाज आहे. १९९९ मध्ये पर्ड्यू विद्यापीठाच्या कॅरोलिन पेक या राष्ट्रीय विजेतेपद मिळवणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला कोच ठरल्या. आपल्या जाळीचा तुकडा त्यांनी स्टेलींना दिला होता : तू जिंकलीस की परत कर. स्टेली जिंकल्या. मग २०२१ मध्ये स्वतःच्या जाळीचे तुकडे करून त्यांनी ते देशभरच्या कृष्णवर्णीय महिला कोचना टपालाने पाठवून दिले.