हात पोहोचण्याची गोष्ट: छोट्या शिडाच्या होडीत ऑइल बदलणे अवघड कसे झाले

पंचवीस-तीस फुटी शिडाच्या होडीत इंजिन उशिरा आले आणि जिथे जागा उरली तिथे बसले. वारा पडला किंवा धक्क्याला लागायचे असले तर हाताशी असावे, एवढ्याचसाठी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात छोटी पेट्रोल इंजिने होड्यांत येऊ लागली. लाकडी होड्यांत इंजिन बरेचदा केबिनमध्येच, एका सुट्या लाकडी पेटीखाली असे. पेटी जागा खायची, गुडघ्याला लागायची, पण उचलून बाजूला ठेवली की इंजिन चहूबाजूंनी मोकळे.

खरे वळण फायबरग्लासने आणले. १९६० च्या दशकापासून होड्या मोठ्या प्रमाणात साच्यातून निघू लागल्या आणि बांधणीचा क्रम ठरून गेला: आधी तळाचा भाग, मग त्यात इंजिन, मग आतले बाक, ओटा, पायऱ्या, आणि सगळ्यात शेवटी वरून डेकचे झाकण. कारखान्यातल्या कामगाराला इंजिन बसवताना वर आभाळ मोकळे होते. मालकाच्या वाट्याला तेच इंजिन आले ते झाकण बसल्यानंतरचे. आजही एखाद्या होडीत ऑइल फिल्टर काढायला खांद्यापर्यंत हात घालावा लागतो, त्याचे मूळ या क्रमात आहे. शिवाय गिऱ्हाईक होडी बघायला येते तेव्हा झोपायच्या जागा मोजते. डिपस्टिकपर्यंत, म्हणजे ऑइलची पातळी मोजायच्या पट्टीपर्यंत, हात जातो का, हे सहसा कुणी बघत नाही. केबिनमध्ये उतरायच्या पायऱ्यांमागची, इंजिन बसते ती खोबण दरवेळी थोडी थोडी अरुंद होत गेली ती अशीच.

१९७० च्या दशकात छोटी डिझेल इंजिने सर्रास दिसू लागली. पेट्रोलच्या आगीची धास्ती कमी झाली, हे मोठेच काम झाले. पण डिझेलचा आवाज आणि थरथर जास्त, म्हणून पेटी फोम लावून घट्ट बंद झाली. डिझेलची काजळी ऑइल लवकर काळे करते. त्यामुळे उत्पादकानुसार साधारण दर १०० तासांनी, नाहीतर वर्षातून एकदा, ऑइल बदलणे आले. म्हणजे ज्या इंजिनाला हात जास्त वेळा लावायचा, तेच जास्त कोंडले गेले. त्यात यातली बरीच इंजिने मुळात शेतीच्या किंवा कारखान्याच्या यंत्रांसाठी घडवलेली. फिल्टर डाव्या अंगाला की उजव्या, हे ठरवणाऱ्याच्या डोळ्यासमोर दोन्ही बाजूंनी मोकळे यंत्र होते. होडीत नेमकी तीच बाजू बाकाच्या भिंतीला चिकटते. ड्रेन प्लग, म्हणजे जुने ऑइल खाली सोडायचे बूच, तर ऑइल साठते त्या पॅनच्या बुडाशी, आणि त्याच्याखाली भांडे सरकवण्याएवढीही फट नाही. म्हणून ऑइल खालून सोडण्याऐवजी डिपस्टिकच्या नळीतून पंपाने वर ओढायचा रिवाज पडला. दोन-तीन लिटर ऑइलचे काम, पण तयारीत अर्धा दिवस जातो.

‘हात पोहोचण्याजोगे’ या एका शब्दाबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवे. या विषयातला सगळा गुंता त्या शब्दाशी आहे.

उत्तर अमेरिकेतल्या नौकाबांधणीच्या ऐच्छिक मानकांत दोन वेगळ्या पातळ्या आहेत. पहिली, ‘हात पोहोचण्याजोगे’: होडीचा कायमचा भाग न काढता तपासणी, दुरुस्ती किंवा काढघाल करता आली पाहिजे. दुसरी, ‘सहज हात पोहोचेल असे’: आणीबाणीत, कोणतेही हत्यार न वापरता, चटकन आणि सुरक्षितपणे गाठता आले पाहिजे. कागदावर भेद स्वच्छ आहे. पण पहिल्या व्याख्येत ‘कायमचा भाग’ म्हणजे काय, इथे पाय घसरतो. बारा स्क्रूंनी बसवलेली फळी कायमची नाही. म्हणून तिच्यामागचा फिल्टर ‘हात पोहोचण्याजोगा’ ठरतो, मग तिच्याआधी केबिनच्या पायऱ्या काढाव्या लागोत, बाकाची गादी आणि खालचे सामान बाहेर काढावे लागो, की आरसा धरून आंधळेपणाने पाना फिरवावा लागो. व्याख्या हात पोहोचतो का एवढेच विचारते. पोहोचलेल्या हाताला जोर लावता येतो का, फिल्टर सुटताना त्यातले ऑइल कुठे सांडेल, हे ती विचारत नाही.

युरोपीय संघाचा १९९४ चा विहारनौकांचा, म्हणजे हौसेने फिरायच्या होड्यांचा, निर्देश आला आणि १९९८ पासून तो सक्तीचा झाला. त्यात म्हटले की, ज्या भागांची वारंवार तपासणी आणि देखभाल लागते ते सहज हात पोहोचेल असे असावेत. शब्द वरच्या पातळीचा, पण निर्देशाच्या मजकुरात त्याची व्याख्या नाही. हत्याराविना की हत्यारासह, आणीबाणीत की धक्क्याला बांधलेल्या होडीत, काहीच स्पष्ट नाही. त्याच कलमात आधी असेही आहे की, इंजिन राहण्याच्या जागेपासून वेगळ्या बंदिस्त कप्प्यात असावे. आग, धूर, उष्णता, आवाज, थरथर यांचा त्रास कमीत कमी व्हावा. एकाच कलमात ‘बंद करा’ आणि ‘मोकळे ठेवा’ या दोन्ही आज्ञा. बांधणाऱ्यांनी पहिली मनापासून पाळली, कारण आवाज गिऱ्हाइकाला चाचणीच्या फेरीतच ऐकू येतो. दुसरीसाठी पायऱ्यांना बिजागऱ्या लावल्या, की काम झाले असे मानले गेले. पायऱ्या उचलल्यावर समोर दिसतात ते पट्टा आणि पाण्याचा पंप. फिल्टर बाजूला असतो. २०१३ च्या नव्या निर्देशातही हे वाक्य राहिले.

माझ्या मते प्रश्न मानकाच्या कडकपणाचा नाही. वंगणाचे काम बसूनही करता येते आणि लोंबकळूनही. दोन्हींना एकच विशेषण लावणे हीच चूक आहे.

मालकांनी काढलेल्या वाटा दोन प्रकारच्या. एक, ऑइल माणसाकडे आणायचे: ड्रेन प्लगच्या जागी कायमची नळी बसवून तिचे टोक वर घ्यायचे, किंवा फिल्टर दोन नळ्यांनी मोकळ्या जागी हलवायचा. सोय मोठी, पण फिल्टरच्या नळ्यांत चालू इंजिनाच्या दाबाखालचे ऑइल असते. नळी घासून फाटली तर काही क्षणांत ते बिल्जमध्ये, म्हणजे होडीच्या तळाच्या खोलगट भागात, जाते आणि इंजिन कोरडे पडते. प्लगच्या नळीत दाब नसतो, तरी ती निसटली तर निकाल तोच. बिल्जमधले ऑइल तिथले पाणी उपसणाऱ्या पंपाबरोबर समुद्रात गेले तर अनेक देशांत तो गुन्हा आहे. १९७० च्या दशकातल्या कायद्यांनंतर याकडे दुर्लक्ष करता येत नाही.

दुसरी वाट म्हणजे माणसाला ऑइलकडे न्यायचे: बाकाच्या बाजूची भिंत कापून दार करायचे, किंवा कॉकपिटच्या, म्हणजे होडी चालवणारे बसतात त्या उघड्या जागेच्या, जमिनीत झाकण बसवायचे. कॉकपिटचे झाकण वरून सगळे दाखवते, उद्या इंजिन बाहेर काढायलाही तीच वाट. पण कॉकपिटमध्ये लाट येते. झाकणाचे रबर दबून सपाट झाले की खारे पाणी थेट अल्टरनेटरवर आणि स्टार्टरवर ठिबकते. पायाखालच्या जमिनीत दोन थरांमध्ये हलके लाकूड असेल तर कापलेली कड इपॉक्सीने बंद न केल्यास ते कुजते. बाजूच्या भिंतीत ही जोखीम नाही. ती भिंत वरच्या डेकचा भार घेते का हे मात्र आधी पाहावे लागते, आणि कोपरे गोल कापावे लागतात, नाहीतर तिथूनच तडा जातो. मी दार कापण्याच्या बाजूचा आहे. फिल्टर डोळ्यांना दिसला तर त्याची गळतीही वेळेवर दिसते. नळ्यांचा उपाय ही गळती आणखी लांब, आणखी अंधारात नेऊन ठेवतो.

१९७० च्या दशकातच सेलड्राइव्ह प्रकार आला, म्हणजे होडीच्या तळातून पाण्यात उतरणारा गिअरबॉक्स, आणि इंजिन जवळजवळ सपाट बसू लागले. इंजिनाचे ऑइल त्याने थोडे सोपे केले. गिअरचे ऑइल मात्र पाण्याखाली गेले. त्याचा खालचा प्लग उघडायचा तर होडीच पाण्याबाहेर काढावी लागते.