निळ्या पाट्यांची कुळकथा: या घरात आधी कोण राहायचं?

लंडनमध्ये जुन्या घरांच्या भिंतीवर गोल निळ्या पाट्या दिसतात ना, अमुक माणूस इथे राहिला अशा, त्याची सुरुवात 1863 ला झाली. विल्यम युअर्ट नावाच्या खासदाराने पार्लमेंटमध्ये विषय काढला की मोठी माणसं जिथे राहिली त्या घरांवर तसं लिहावं. सरकारने काही ते अंगाला लावून घेतलं नाही, मग 1866 मध्ये सोसायटी ऑफ आर्ट्सने काम हातात घेतलं आणि 1867 ला पहिली पाटी लागली, कवी लॉर्ड बायरनच्या जन्मघरावर, होलिस स्ट्रीटला. गंमत म्हणजे तेच घर 1889 मध्ये पाडलं! म्हणजे पाटी लागली की घर वाचलं असं काही नाही, आजही नुसत्या पाटीने कायद्याचं संरक्षण मिळत नाही, त्यासाठी बिल्डिंगची वेगळी सरकारी नोंद व्हावी लागते.

सोसायटीने 35 वर्षांत 35 पाट्या लावल्या, त्यातल्या निम्म्याही आज उरलेल्या नाहीत. सगळ्यात जुनी टिकलेली तिसऱ्या नेपोलियनची, किंग स्ट्रीटवर, तीही 1867 चीच, आणि तेव्हा हा गडी जिवंत होता, फ्रान्सचा बादशहा होता. आता चालत नाही हे, माणूस वारून किमान 20 वर्षं व्हावी लागतात. मला हा नियम पटतो, कारण आज गाजलेलं नाव वीस वर्षांनी कोणाच्या लक्षात असेल सांगता येत नाही.

1901 पासून हे काम लंडन काउंटी कौन्सिलकडे गेलं, पुढे 1965 ला ग्रेटर लंडन कौन्सिल आणि 1986 पासून इंग्लिश हेरिटेज, म्हणजे जुन्या वास्तू जपणारी संस्था. आज जे साधं डिझाइन दिसतं ते 1938 मध्ये एका आर्ट स्कूलच्या विद्यार्थ्याने केलं, त्याला 4 गिनी (जुनं ब्रिटिश चलन) मिळाल्या. आणि शेकडो लोकांची नावं ज्या डिझाइनवर लागली त्या पोराचं स्वतःचं नाव मात्र कुठे नोंदलेलं नाही, बोला आता.

पाटीवर नाव असलेले बरेच जण त्या घराचे मालक नव्हतेच, भाडेकरू होते, तेही थोड्या दिवसांचे. ब्रूक स्ट्रीटला 25 नंबरमध्ये संगीतकार हँडल 1723 पासून 1759 ला वारेपर्यंत राहिला, म्हणजे चांगली 36 वर्षं, तर शेजारच्या 23 नंबरच्या वरच्या फ्लॅटमध्ये रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्स 1968-69 मध्ये जेमतेम काही महिने. पाटी दोघांनाही आहे.

आपल्या लोकांची नावं पण आहेत. टिळक 1918 ला चिरोल केससाठी (इंग्रज पत्रकार चिरोलवर त्यांनी केलेला बदनामीचा खटला) विलायतेला गेले तेव्हा हॉवली प्लेसला 10 नंबरमध्ये राहिले, तिथे 1961 ला पाटी लागली. हायगेटला क्रॉमवेल अव्हेन्यूवरचं 65 नंबरचं घर म्हणजे श्यामजी कृष्ण वर्मांचं इंडिया हाउस, भारतीय विद्यार्थ्यांचं वसतिगृह आणि क्रांतिकारकांचा अड्डा, तिथल्या पाटीवर नाव आहे सावरकरांचं, ती 1985 ची. घर एक आणि राहून गेलेले अनेक असले की भिंतीवर कोणाचं नाव येतं हा भागही इंटरेस्टिंगच आहे.

आंबेडकरांच्या घराची गोष्ट अजून वेगळी, कारण तिथे प्रकरण पाटीपुरतं राहिलं नाही. 1921-22 मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकताना बाबासाहेब 10, किंग हेन्रीज रोडला राहायचे. महाराष्ट्र सरकारने 2015 ला ते घर विकत घेतलं, स्मारक केलं, पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटनही झालं. पण राहत्या घराचं म्युझियम करायला तिथल्या कॅम्डन कौन्सिलची परमिशन लागते, ती आधी घेतलेली नव्हती, नंतर मागितली तर कौन्सिलने नाकारली. शेजारच्या काही लोकांची गर्दी आणि आवाजाची तक्रार होती. अपील झालं, 2019 मध्ये चौकशी बसली आणि शेवटी मार्च 2020 ला ब्रिटिश मंत्र्याने स्वतः परवानगी दिली, तेव्हा कुठे ते घर कायदेशीररीत्या म्युझियम झालं.